फोटोत कासरा कुणाच्या हातात आहे?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आजोबांच्या लाल कंधारी वळूचा नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतल्या पशुप्रदर्शनात पहिला नंबर आला होता, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. आजोबा आता नाहीत आणि प्रमाणपत्र सापडत नाही. एक फोटो आहे. त्याच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे आणि पेनानं 'जाने. ९४' लिहिलंय. आजी म्हणते भूकंपाच्या साली नंबर आला, काका म्हणतात ९२, आणि चुलत आजोबा म्हणतात वळू मुळात त्यांच्या दावणीचा. तुम्हाला हे सगळं घरासाठी लिहून ठेवायचंय आणि कुणाचं खरं धरायचं ते कळत नाहीये. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की फोटोत कासरा धरलेला माणूस कोण, ते घरात कुणालाच सांगता येत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलेल्या त्या वाक्याकडे मी नंतर येतो. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. पशुसंवर्धनाच्या नोकरीत नांदेड-लातूर भागात माझी तीस वर्षं गेली. माळेगावला कधी लसीकरणाला गेलो, कधी दात तपासायला, काही वर्षं पंच म्हणून रिंगणात उभा राहिलो. निवृत्तीनंतर जुन्या पशुपालक घरांच्या आठवणी उतरवून घेण्याचा नाद लागला. त्यात चुका भरपूर केल्या, म्हणून काही सांगू शकतो.

आधी सालाचं बघू, कारण ते सोपं आहे. माळेगावचा खंडोबा तिथीनं चालतो, कॅलेंडरानं नाही. यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. ही तिथी कधी डिसेंबरच्या उत्तरार्धात येते, तर अधिक महिना पडून गेला असेल तर जानेवारीत सरकते. त्यामुळे एखाद्या इंग्रजी सालात दोन यात्रा येतात, एखाद्या सालात एकही नाही. अलीकडचंच पाहा. २२ डिसेंबर २०२२ ला यात्रा सुरू झाली, त्यानंतरची थेट १० जानेवारी २०२४ ला आणि तिच्या पुढची २९ डिसेंबर २०२४ ला. म्हणजे २०२३ कोरडं गेलं आणि २०२४ मध्ये खंडोबाची दोनदा भेट झाली.

तुमच्या घरातही हेच झालंय. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. त्या वर्षी भाद्रपद अधिक होता, त्यामुळे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जानेवारी १९९४ मध्ये गेली. त्याआधीची यात्रा डिसेंबर १९९२ च्या उत्तरार्धात झाली होती. १९९३ या सालात यात्रेचा दिवस आलाच नाही. आता आजीचं बोलणं पुन्हा ऐका. तिच्या हिशेबात साल गुढीपाडव्याला बदलतं. पाडव्यानंतर भूकंप झाला आणि पुढचा पाडवा यायच्या आत यात्रा भरली, म्हणजे ती भूकंपाच्याच सालची यात्रा. फोटोमागचा जानेवारी ९४ आणि आजीचं भूकंपाचं साल या दोन्ही गोष्टी एकच आहेत.

मग काका चुकले का? मला तसं वाटत नाही. नंबरात येणारं जनावर एकाच यात्रेला नेऊन कुणी थांबत नाही. गोऱ्हा दोन दाती झाला की एकदा नेऊन बघतात, पुढच्या साली पुन्हा नेतात. काकांच्या डोक्यात आधीची फेरी बसलेली असू शकते. त्यांना एवढंच विचारा, "तुम्ही गेलात तेव्हा अयोध्येचं झालं होतं का नुकतंच? एसट्या चालू होत्या का?" ६ डिसेंबर १९९२ नंतर दोन-अडीच आठवड्यांनी ती यात्रा भरली होती. त्या दिवसांत बाहेर पडलेल्या माणसाला ते आठवतंच. 'हो' म्हणाले तर तुमच्याकडे एकाच वळूच्या दोन यात्रा जमा झाल्या.

हे पडताळायला आणखी एक साधन आहे, ते म्हणजे दात. प्रदर्शनात जनावराचा गट दातांवरून ठरतो. दुधाच्या दातांचा गोऱ्हा, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी पूर्ण जुळलेला. आपल्या गावरान जातींत पहिली जोडी साधारण सव्वादोन-अडीच वर्षांला पडते, चार दात तीन-सव्वातीनला, सहा दात चारच्या आसपास आणि पाचाला जनावर जुळतं. चारापाण्यावर काही महिने मागेपुढे होतात. काका 'दोन दाती होता' म्हणाले आणि आजोबांचा नंबर 'चार दाती' गटातला निघाला, तर या दोन यात्रांमधलं वर्षभराचं अंतर त्यात चपखल बसतं. वासराचा जन्म मग १९९० च्या पावसाळ्याच्या आसपास पडतो. गाय कधी व्याली हे घरातल्या बायकांना हमखास आठवतं, कारण खरवस कुणाकुणाला वाटला ते आठवतं. आपला नंबर कोणत्या गटातला, हे शेतकरी तीस वर्षांनीही विसरत नाही. साल विसरेल, पण 'चार दातीत पहिला' हे विसरणार नाही. म्हणून मी साल शेवटी विचारतो आणि दात आधी.

याहून जुन्या आठवणी निघाल्या तर एक-दोन गोष्टी लक्षात ठेवा. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला अस्तित्वात आल्या. पणजोबांना १९५८ साली जिल्हा परिषदेचं बक्षीस मिळालं असं कुणी म्हणालं, तर साल तरी चुकलंय नाहीतर बक्षीस देणारं कार्यालय. आणि १९४८ च्या आधीचा कागद निघाला तर तो बहुतेक उर्दूत असेल आणि त्यावर फसली साल, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल, असेल. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, एखाद्या वर्षाच्या फरकानं. जाणत्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय कागद टाकू नका. एका घरात असा कागद 'कुराणातला असंल' म्हणून वर्षानुवर्षं देव्हाऱ्यात नीट जपला होता. वाचून घेतला तर बैलाच्या खरेदीची पावती निघाली.

चुलत आजोबांच्या म्हणण्याबद्दल मी सावधपणे बोलतो, कारण ते तुमच्या भाऊकीवर अवलंबून आहे. वळू मुळात आमच्या दावणीचा, या वाक्याचे किमान तीन अर्थ होतात. एक, त्याची आई त्यांच्या वाट्याला गेलेली गाय होती. दोन, वासरू झालं तेव्हा वाटणीच झाली नव्हती आणि दावण एकच होती. तीन, जनावर अर्धलीनं सांभाळायला दिलेलं होतं, म्हणजे मालक एक आणि पोसणारा दुसरा. वाटणी कधी झाली ते तलाठ्याकडच्या फेरफारात सापडेल, पण जनावरांची वाटणी कागदावर होत नाही, ती तोंडी होते. आणि वाटणीवरून अजून कोर्टात काही चालू असेल, तर माझा सल्ला आहे की हा विषय आत्ता काढू नका. एका घरात मी उत्साहानं जुना फोटो मागितला. म्हाताऱ्यानं तो उशीखाली सरकवला तो सरकवलाच. त्याला वाटलं मी समोरच्या पार्टीचा माणूस.

आता कासरा धरलेल्या माणसाकडे येऊ.

प्रदर्शनाचे जुने फोटो मी पुष्कळ पाहिलेत. त्यात एक ठरलेली मांडणी असते. वळू आडवा उभा, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर भंडारा. मालक पुढच्या बाजूला, पांढरं धोतर, डोक्याला पटका किंवा टोपी, हात जनावराच्या वशिंडावर. आणि तोंडाजवळ कासरा आखडून धरलेला एक माणूस, अर्धा जनावराच्या आड. तो कॅमेऱ्याकडे बघत नसतो, त्याचं लक्ष जनावराच्या कानांवर असतं. दहांतल्या आठ फोटोंत तो माणूस सालगडी असतो. प्रमाणपत्रावर त्याचं नाव नसतं आणि घरच्या आठवणीतूनही दोन पिढ्यांत ते गळून जातं.

आणि अडचण अशी की प्रदर्शनाबद्दल सगळ्यात जास्त त्यालाच माहीत असतं. मालकाला नंबर आठवतो. सालगड्याला जनावर आठवतं.

हे मला उशिरा कळलं. दुसऱ्याच एका तालुक्याच्या गावी एका घरात गेलो होतो. त्यांच्या देवणी वळूची गोष्ट होती. तो वानेरा प्रकारातला, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. घरचे तासभर एकच सांगत होते. आमचाच पहिला यायचा, पण पंचांनी ओळखीच्याला दिला, आमचा दुसरा. मी लिहून घेत होतो. मी स्वतः पंच राहिलेला, त्यामुळे आतून थोडा चडफडतही होतो. बाहेर ओट्याच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. जाताना मी सहज विचारलं, "आबा, तुम्ही होता का तेव्हा?"

तो म्हणाला, "मीच नेलता की. पाणी बदललं म्हणून तोंड लावंना त्यानं."

मग खाली बसलो आणि वही पुन्हा काढली. वळूला चालवत नेलं होतं, दोन रात्री. दिवसा डांबर तापतं आणि खूर झिजतात, म्हणून रात्री, तेही रस्त्याकडेच्या मातीतून. यात्रेत टँकरचं पाणी होतं आणि त्याला औषधाचा वास. जनावरानं हुंगलं आणि मान फिरवली. दीड दिवस त्यानं पाण्याला तोंड लावलं नाही, म्हणून मग वैरणही खाल्ली नाही. म्हाताऱ्यानं त्या पाण्यात गूळ कालवून बघितला, मूठभर सरकीची पेंड टाकून बघितली. तपासणीच्या सकाळी डावी भकाळी, म्हणजे फासळ्यांमागची पोटाची बाजू, आत गेली होती. म्हाताऱ्यानं उजव्या हाताचा पंजा वाटीसारखा करून दाखवला, "एवढा खड्डा." पुढच्या साली त्यानं घरच्या विहिरीचं पाणी दुधाच्या दोन कॅनमध्ये बैलगाडीतून नेलं. त्या साली पहिला नंबर आला.

पंच म्हणून मी खात्रीनं सांगतो, एवढ्यानं नंबर जातो. रिंगणात आम्ही जनावर समोरून, बाजूनं आणि मागून बघतो, मग चालवायला लावतो. रंग, डोकं, शिंगांचा बाक, वशिंड, पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी), पायांचा उभेपणा, खूर, चाल, या सगळ्याला गुण असतात. लाल कंधारीत अंगभर एकसारखा गडद लाल रंग आणि डोळ्यांभोवतीची काळी कड आम्ही आवर्जून बघायचो. पांढरा ठिपका दिसला की गुण गेले. (तो झाकायला काय काय चोळून आणतात, हा वेगळाच विषय आहे. एकदा माझा पांढरा रुमाल लाल झाला होता.) दोन तोडीस तोड वळू शेजारी उभे असले की शेवटी भरलेलं अंग बघितलं जातं. पोट खपाटीला गेलेलं जनावर तिथं मागे पडतं.

तीस वर्षं त्या घरात पंचांना शिव्या बसत होत्या आणि खरं कारण पायरीवर बसलं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा निघता निघताच विचारलं.

म्हणून तुम्हाला सांगतो, पहिली मुलाखत आजीची घ्या आणि दुसरी त्या माणसाची, किंवा त्याच्या घरच्यांची. काका आणि चुलत आजोबा नंतर.

आजीला 'प्रदर्शनाबद्दल सांग' म्हणू नका. त्यावर दोन वाक्यांत उत्तर येईल, कारण त्या काळी आपल्याकडच्या पुष्कळ बायका रिंगणापर्यंत गेलेल्याच नसत. त्यांना प्रदर्शन चुलीपाशी आणि गोठ्यात घडलेलं माहीत असतं. सरकी कोण भिजवायचं? वळूला अंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खुराकात, काय काय घालायचे? दूध विकायच्या दिवसांत ताक वळूला गेलं म्हणून कुणी कुरकुर केली का? निघताना भाकरी किती दिवसांच्या बांधल्या, सोबत काय दिलं? येताना यात्रेतून काय आणलं, घोंगडी, बांगड्या, की नुसता भंडारा आणि रेवड्या? यातल्या दोन प्रश्नांना जरी आजी खुलली तरी रात्र पुरणार नाही. फोटो तिच्या हातात द्या आणि गप्प बसा. फोन रेकॉर्डिंगला लावून उशीजवळ ठेवा, पण तिला सांगून. सकाळची वेळ चांगली. बसणं पाऊण तासाहून जास्त ताणू नका. चुकीचं साल सांगितलं तरी मध्ये दुरुस्त करायचं नाही. मी एका आजींना, "नाही, ते बाहत्तर" असं टोकलं होतं. त्यानंतर त्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडे बघून "तुमीच सांगा" म्हणायला लागल्या. साल काढायचंच असेल तर आडून काढा. त्या साली मिलो, म्हणजे रेशनची लाल ज्वारी, खाल्ली का, सुकडी मिळायची का, असं विचारलं की बाहत्तरचा दुष्काळ आपोआप सापडतो.

कासरेवाल्याचं नावही तिलाच विचारा. पुरुषांना तो 'आपला गडी' म्हणून आठवेल. आजीला नाव आठवेल, कारण भाकरी तिनंच वाढली.

नाव मिळालं की त्याच्या घरी जाताना थोडं भान ठेवा. सालगड्याचं साल पाडव्याला ठरायचं. वर्षाचं धान्य, कपडे, रोख आणि वर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. बऱ्याच घरांत ती उचल फिटलीच नाही, पुढच्या सालावर चढत गेली. तुमच्या घराची अभिमानाची आठवण त्यांच्या घरात वेगळ्या चवीची असू शकते. ते कडू बोलले तर तेही लिहा, पण आधी विचारा की हे लिहिलेलं चालेल का. नको म्हणाले तर नको. त्यांचा इतिहास गोळा करायला आलात असा आव आणू नका. फोटोची मोठी प्रत काढून घेऊन जा आणि ती तिथंच ठेवून या. पुष्कळदा त्या माणसाचा तरुणपणीचा तो एकमेव फोटो असतो आणि तो त्याच्याकडेच नसतो.

एक फायदाही आहे. त्यांच्याकडे सालं मोजायची पद्धत पक्की असते. 'तुमच्याकडं माझं तिसरं साल होतं', 'थोरलीच्या लग्नाला उचल घेतली त्या साली', अशी. पाडवा ते पाडवा. ती आजीच्या भूकंपाशी लावून बघा. दोन घरांचे हिशेब एकमेकांना भेटले की मग प्रमाणपत्र नसलं तरी मला चालतं.

प्रमाणपत्राचा शोध तरीही घ्या, पण त्यावर जीव टाकू नका. घरात आधी देवाच्या फोटोंमागे आणि जुन्या फ्रेमांच्या आत बघा. एका फ्रेममध्ये नवं चित्र घालताना जुनं मागेच ठेवायची आपल्याकडे रीत आहे. फोटोमागच्या शिक्क्यावरून स्टुडिओ सापडला तर स्टुडिओवाल्याच्या मुलाला किंवा नातवाला विचारा, निगेटिव्ह जपून ठेवलेली असू शकते. नांदेडच्या दैनिकांच्या जानेवारी ९४ च्या फायली बघायला मिळाल्या तर निकालाची बातमी असू शकते. कार्यालयांतले निकालाचे कागद मात्र ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात, त्यामुळे तिथे हेलपाटे किती घालायचे ते तुमच्या रजेवर ठरवा.

लिहिताना सगळ्यांच्या सांगण्याची एकच गुळगुळीत गोष्ट करू नका. आजीचं आजीच्या शब्दांत, काकांचं काकांच्या शब्दांत, आणि तुम्हाला जे जुळलं ते शेवटी वेगळं, तुमच्या नावानं. चुलत आजोबांचा दावाही तसाच ठेवा. थोडक्यात, साल बहुतेक जानेवारी ९४ आहे, काकांची यात्रा बहुतेक त्याच्या आधीची आहे, आणि दावणीचा निकाल लावायची तुम्हाला गरज नाही.

फोटो स्कॅन करताना एक करा. कासऱ्याचा हात मोठा करून बघा. वेसणीपासून मूठ किती लांब आहे? वीतभर असेल तर जनावर बुजरं होतं आणि माणूस त्याला धरून होता. हातभर सैल सोडला असेल तर दोघांची ओळख जुनी. आजीला नाव आठवलं की मला कळवा. त्या पट्ट्यातली बरीच घरं माझ्या पायाखालची आहेत. कदाचित मीच त्या दिवशी त्यांच्या वळूचे दात मोजले असतील.